लिंबाची फोड आणि माझे फिरोजी वाडगे

बहिणीचा फोन आला तेव्हा मी ग्लेझची, म्हणजे मातीच्या भांड्यांवर लावून भाजायच्या चकचकीत लेपाची, बादली ढवळत बसले होते. "ताई, तू दिलेल्या त्या निळ्या वाडग्यात डाग पडलाय गं, किती घासला तरी जात नाहीये." मी म्हटलं चमच्याचे ओरखडे असतील, पडतात तशा राखाडी रेघोट्या, निघतात त्या. "नाही गं, राखाडी नाही, पांढुरका आहे. आणि चंद्राच्या कोरीसारखा आहे." मग तिने फोटो पाठवला. रात्री लिंबाची एक फोड वाडग्यात राहून गेली होती, सकाळी उचलली तर खाली बरोब्बर त्या फोडीच्या आकाराची फिकी कोर. बाकीचा वाडगा तसाच चकचकीत, फिरोजी, आणि मधोमध ती मेलेली जागा, कुणीतरी तिथला रंग चोखून घेतल्यासारखी.

तो फोटो मी मोठा करून करून किती वेळ बघत होते. हा डाग वरून चिकटलेला नव्हता, तिथून काहीतरी निघून गेलं होतं. जे गेलं ते तांबं होतं, या ग्लेझचा रंग तांब्यामुळेच येतो, आणि ते लिंबाच्या रसात गेलं होतं, म्हणजे तो रस कुणी प्यायला असता तर थेट पोटात. माझ्या हाताने बनवलेल्या भांड्यातून, माझ्या बहिणीच्या पोटात. हात गार पडले माझे.

हे सविस्तर लिहितेय कारण त्यानंतरचे सहा-सात महिने मी याच एका गोष्टीच्या मागे होते, आणि ज्याला विचारावं तो दोनपैकी एक उत्तर द्यायचा. एक तर "तांबं शरीराला चांगलंच असतं, काही होत नाही", नाहीतर "हिरवा ग्लेझ म्हणजे विष, वापरूच नका". दोन्ही उत्तरांनी माझं समाधान झालं नाही, आणि आता कळतंय की दोन्ही अर्धवट आहेत.

तांब्याच्या ग्लेझचं वेड म्हणजे काय हे ज्याने भट्टी उघडलीय त्यालाच कळेल. कॉपर कार्बोनेटची भुकटी दिसायला साधी, मोरचुदाच्या धाकट्या भावासारखी, फिकट हिरवी. ग्लेझमध्ये मिसळली की मळकट हिरवट पाणी होतं, भांड्यावर लावलं की वाळून शेवाळलेल्या चुन्यासारखं दिसतं. यातून काही सुंदर निघेल असं वाटतच नाही. मग भट्टी जाते १२२० ते १२४० अंशांपर्यंत, कोन ६ ला (कोन म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या नंबरावरून भाजणी ओळखतात), आणि दुसऱ्या दिवशी ती थंड होईपर्यंत आपण तिच्याभोवती घिरट्या घालतो. झाकण उचललं आणि आत तो रंग! उथळ समुद्राचा, वरून बघितला तर एक आणि तिरका धरला तर दुसरा, जिथे ग्लेझ जाड साचलाय तिथे गडद, कडेवर पातळ झालाय तिथे जवळजवळ पारदर्शक, आणि बोटांच्या रेघांमध्ये साचून त्या रेघा अगदी स्पष्ट दाखवणारा. चाकावर ओढलेली प्रत्येक रेघ हा ग्लेझ लक्षात ठेवतो. दुसऱ्या कुठल्या ऑक्साईडला हे इतकं जमत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे, कोबाल्ट फार ठाम आहे, लोखंड देखणं आहे पण गंभीर, तांबं मात्र जिवंत असतं.

आणि ते एकच रंग देत नाही. सोडियम जास्त असलेल्या ग्लेझमध्ये फिरोजी, नेहमीच्या कॅल्शियमवाल्या ग्लेझमध्ये पानासारखा हिरवा, आणि भट्टीतला ऑक्सिजन कमी केला, म्हणजे रिडक्शनमध्ये भाजलं, तर तेच तांबं लाल होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. इजिप्तमध्ये ५००० वर्षांपूर्वीसुद्धा तांब्याचा हाच फिरोजी रंग आणलेले मणी बनत होते. म्हणजे या रंगाच्या प्रेमात पडणारी मी काही पहिली नाही, फार मोठ्या रांगेत उभी आहे.

तर माझा तो फिरोजी. कृती मला एका जुन्या वहीतून मिळाली होती, सोडावाला फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) भरपूर, थोडी सिलिका, अगदी जराशी चायना क्ले म्हणजे पांढरी माती, आणि वर ३ टक्के कॉपर कार्बोनेट. नमुन्याची पहिली टाइल बघूनच मला मातीकाम शिकवणारे सर म्हणाले होते, "अगं, हा बाहेरून लाव, आतून नको." मी कारण विचारलं नाही. त्या ग्लेझला केसासारख्या बारीक भेगा पडायच्या, क्रेझिंग म्हणतात त्याला, मला वाटलं त्या भेगांत घाण अडकते म्हणून म्हणत असतील. आणि मला तर तो रंग आतूनच हवा होता, वाडग्यात वाकून बघितलं की तळाशी तळं दिसावं म्हणून. मग मी चौदा भांडी केली. वाडगे, कप, दोन छोटे जार. सगळी आतून फिरोजी. आणि सगळी वाटून टाकली.

फोटो घेऊन सरांकडे गेले तर ते रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक जाळं काढलं. म्हणाले, "ग्लेझ म्हणजे काच, एवढं लक्षात ठेव. काच म्हणजे सिलिकाचं जाळं. चायना क्लेमधून येणारी ॲल्युमिना ते जाळं घट्ट बांधते. सोडियम, पोटॅशियम ही मंडळी जाळं वितळावं म्हणून घालतो आपण, पण ती जास्त झाली की जाळं सैल पडतं, आणि त्यात अडकवलेलं तांबंही सैल बसतं. आंबट काही आलं की त्यातला हायड्रोजन आत शिरतो, सोडियम बाहेर पडतो, आणि दार उघडं मिळालं की तांबंही निघतं."

मी विचारलं मग सोडियम कमी करू? तर म्हणाले, "कर की. पण मग फिरोजी जाईल, हिरवा येईल."

हे ऐकून मला खरंच दुखलं. म्हणजे त्या रंगाला नेमकं तेच सैल जाळं लागतं. सोडियम जास्त, ॲल्युमिना कमी, तरच तांबं फिरोजी दिसतं. घट्ट बांधलं की हिरवं होतं. भेगांचं कारणही तेच, सोडियम जास्त असलेली काच गार होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते आणि तडकते. सौंदर्य आणि कमजोरी एकाच जागेतून आलेली.

घरी येताना डोक्यात एकच शब्द फिरत होता, कळकणे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, यासाठी आपल्या भाषेत अख्खं क्रियापद आहे. तांब्यावर हिरवा जंगाल चढतो हेही पोराटोरांना माहीत असतं. पण तेच तांबं काचेत विरघळलेलं असलं, वरून गुळगुळीत चकचकीत असलं, की आपण ते तांबं आहे हेच विसरतो. मी विसरले होते. माझा वाडगा लिंबाशी कळकला होता, दुसरं काही झालेलं नव्हतं.

त्या रात्री चौदाही जणांना मेसेज केला की वाडगे-कप खाण्यापिण्याला वापरू नका, शोभेला ठेवा नाहीतर परत द्या, मी दुसरे देते. निम्म्यांनी "अगं काही होत नाही" असं उत्तर दिलं. एका मैत्रिणीने तर लिहिलं की तांबं शरीराला लागतंच ना. लागतं, अगदी खरं आहे, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ०.९ मिलिग्रॅम. पण रोजची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम धरतात, आणि त्याच्याही खूप आधी, पाण्यात किंवा पेयात तांबं जास्त झालं की मळमळ, पोटदुखी, उलट्या असे त्रास होऊ शकतात. बाटलीने दूध पिणारी तान्ही बाळं आणि विल्सन्स डिसीज असलेली माणसं, ज्यांच्या शरीरातून तांबं नीट बाहेर पडतच नाही, त्यांच्यासाठी तर हा वेगळाच प्रश्न. मी कप कुणाला दिला एवढं मला माहीत आहे, त्या कपातून कोण पिणार आहे ते मला कुठे माहीत असतं?

मग टेस्टिंगला लागले. पहिली घरची टेस्ट, व्हिनेगरची. काचेच्या बरणीत पांढरं व्हिनेगर घ्यायचं, ग्लेझची टाइल अर्धी बुडेल अशी उभी ठेवायची, झाकण लावायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. मी दोन वेगवेगळे बेस, म्हणजे तांबं घालण्याआधीचे ग्लेझ, घेतले. एक जुना फिरोजीवाला, आणि एक सरांनी सांगितलेला, ज्यात सिलिका आणि चायना क्ले बऱ्यापैकी जास्त आणि सोडा कमी. दोन्हीत कॉपर कार्बोनेट वाढवत नेलं, अर्धा टक्का, १, २, ३, ४, ६ आणि ८. अशा चौदा टाइल्स. (चौदाच झाल्या, ठरवून नाही.) प्रत्येकीच्या मागे आयर्न ऑक्साईडने नंबर लिहिला, कारण पेन्सिलचा नंबर भट्टीत उडतो हे आधी एकदा भोगलेलं आहे.

भट्टीतून निघाल्यावर त्या ओळीने मांडल्या तेव्हाच अर्धं उत्तर दिसलं. अर्ध्या टक्क्याला नुसती झाक. २ टक्क्यांना सुंदर पारदर्शक हिरवा. ४ ला गडद, बाटलीच्या काचेसारखा. ६ ला कडांवर काळसर धातूची साय धरलेली. आणि ८ टक्क्यांची टाइल तर हिरवी राहिलीच नव्हती, काळी, बंदुकीच्या नळीसारखी, हातात घेतली तर रेशमी, खूप जण मुद्दाम या लूकसाठी एवढं तांबं घालतात आणि का घालतात ते मला कळतं, फार देखणी दिसते ती. पण ती साय म्हणजे काचेत न मावलेलं तांबं. पाण्यात साखर घालत गेलं की एका हद्दीनंतर विरघळत नाही, तळाला बसते, तसं काचेचंही आहे, ती एका हद्दीपर्यंतच तांबं सामावून घेते, उरलेलं गार होताना पृष्ठभागावर येऊन बसतं. आणि पृष्ठभागावर म्हणजे नेमकं जिथे ओठ लागतो तिथे.

तिसऱ्या दिवशी बरण्या उघडल्या. टाइल धुतली, पुसली, खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. जुन्या बेसच्या टाइल्सवर व्हिनेगरची पातळी कुठपर्यंत होती ती रेघ सरळ दिसत होती, वर चमक आणि खाली मंद, १ टक्क्याच्या टाइलवरसुद्धा. नखाने ओढून बघितलं, वरच्या भागावर नख सरकत होतं, खालच्या भागावर किंचित अडत होतं, दुधाच्या दातावर अडावं तसं. नव्या बेसच्या १, २ आणि ३ टक्क्यांवर मला काहीच दिसलं नाही, चष्मा काढून लावून सगळं करून झालं. ४ वर किंचित. ६ आणि ८ वर स्पष्ट.

आणि ८ वाल्या बरणीतलं व्हिनेगर! मागे पांढरा कागद धरला तर ते निळसर झालेलं. शाळेत केमिस्ट्री शिकवणारी एक मैत्रीण आहे, तिला दाखवलं. ती म्हणाली थांब. खिडक्या उघडून तिने एका काचेच्या नळीत थोडं ते व्हिनेगर घेतलं आणि अमोनिया थेंब थेंब सोडत गेली, आधी काहीच नाही, आधी काहीच नाही, आणि मग ॲसिड संपल्यावर एकदम गर्द निळं. शाईसारखं. "हे तुझं तांबं," ती म्हणाली. तो निळा रंग इतका सुंदर होता की मला रडू यायला लागलं, खोटं नाही सांगत.

पण घरच्या टेस्टची एक मोठी अडचण आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. डाग पडला तर ग्लेझ वाईट हे पक्कं. डाग नाही पडला तर ग्लेझ चांगला असं मात्र म्हणता येत नाही, कारण डोळ्याला न दिसणारं कितीतरी बाहेर पडू शकतं. रंग न देणारे धातू तर दिसतच नाहीत. शिसं दिसत नाही, बेरियम दिसत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण तांब्याचे काही अत्यंत मोहक निळे मॅट, म्हणजे चमक नसलेले, ग्लेझ बेरियम कार्बोनेटवर उभे असतात, आणि बेरियम कार्बोनेट हे उंदीर मारायला वापरलं जाणारं विष आहे. असा ग्लेझ मी कपाच्या आत लावणार नाही, कितीही जणांनी सांगितलं की भाजल्यावर ते पक्कं बसतं.

म्हणून लॅब. आणि लॅबमध्ये मी एक चूक केली. पहिल्या वेळी नव्या ग्लेझचा, २ टक्केवाला, एक कप पाठवला आणि फॉर्मवर "सिरॅमिक भांड्याची लीचिंग टेस्ट", म्हणजे भांड्यातून काय झिरपतं त्याची टेस्ट, एवढंच लिहिलं. रिपोर्ट आला, पास. मी आनंदाने बहिणीला फोनसुद्धा केला. रात्री परत वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यात फक्त दोन ओळी आहेत, लेड (शिसं) आणि कॅडमियम. तांब्याचं नावच नाही! लॅबची काही चूक नव्हती, ठरलेली टेस्ट तीच आहे, ४ टक्के ॲसेटिक ॲसिड भांड्यात भरून खोलीच्या तापमानाला, साधारण २२ अंशाला, २४ तास ठेवायचं आणि मग त्यात किती लेड-कॅडमियम उतरलं ते मोजायचं. आयएसओ ६४८६ हे स्टँडर्डही त्या दोन धातूंपुरतंच आहे. तांबं मोजायचं असेल तर ते आपण वेगळं सांगावं लागतं. माझ्या ग्लेझमध्ये लेडही नव्हतं आणि कॅडमियमही नव्हतं, म्हणजे जे घातलंच नाही ते नसल्याचा दाखला हातात घेऊन मी नाचत होते. तेव्हापासून कुणी "आमचा ग्लेझ टेस्टेड आहे" म्हटलं की मी विचारते, कशासाठी टेस्टेड?

दुसऱ्या वेळी फोन करून नीट सांगितलं, तांबं मोजा, आणि तीन नग पाठवले. जुना फिरोजी कप, नवा हिरवा कप, आणि आतून बिनरंगाचा ग्लेझ लावलेला एक. आता आकडा आला तरी तो कशाशी ताडायचा हा प्रश्न होताच, कारण त्या स्टँडर्डमध्ये तांब्याची मर्यादा दिलेलीच नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याची मर्यादा धरली, जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला २ मिलिग्रॅम, अमेरिकेत १.३ ला पाणीपुरवठा करणाऱ्यांना पावलं उचलावी लागतात. फिरोजी कपाचा आकडा दोन आकडी आला. नव्या हिरव्याचा १ च्या खाली. बिनरंगी कपात तांबं सापडलंच नाही.

आता न्यायाने बोलायचं तर ४ टक्के ॲसिड २४ तास ही फार कडक परीक्षा आहे, कपात कॉफी अर्धा तास असते, दिवसभर नसते, म्हणजे रोज तेवढं तांबं कुणाच्या पोटात जात होतं असं नाही. पण माझ्या बहिणीचा वाडगा रात्रभर लिंबाबरोबर राहिलाच की. भांडं एकदा दुसऱ्याच्या घरात गेलं की ते कसं वापरलं जाईल यावर माझा काही ताबा नाही, मला फक्त माझ्या भट्टीवर ताबा आहे.

शिशाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण ती तांब्याशीच जोडलेली आहे. शिशाच्या ग्लेझमध्ये तांबं घातलं तर नुसतं तांबं सुटतं असं नाही, तांब्यामुळे शिसंही कितीतरी जास्त सुटायला लागतं. चीनमधल्या तांग काळातली (इसवी सन ६१८ ते ९०७) ती तीन रंगांची भांडी, हिरव्या-पिवळ्या ओघळांची, त्यातला हिरवा म्हणजे शिशाच्या ग्लेझमधलं तांबं. ती बरीचशी मृतांबरोबर पुरण्यासाठी बनलेली होती, कुणी त्यातून पिणार नव्हतं. त्यामुळे जुनं, कुठून आलं माहीत नाही असं गवतासारखं हिरवं भांडं हाती आलं तर बघून आनंद घ्या, त्यात काही ओतू नका. शिशाचं सुरक्षित प्रमाण म्हणून काही नाहीच.

या सगळ्यात एक दिवस सरांच्या गॅसच्या भट्टीत कॉपर रेड करायची संधी मिळाली आणि तिथे मला एक वेगळंच दार उघडल्यासारखं झालं. त्यात कॉपर कार्बोनेट किती? अर्धा टक्का. सोबत १ टक्का टिन ऑक्साईड. मी दोनदा विचारलं, चुकून शून्य राहिलंय का पुढे. नाही म्हणाले. ठरावीक तापमानाला भट्टीची हवा कमी केली की ज्योत वरच्या भोकातून बाहेर डोकावते, मऊ, आळसावलेली, आणि आत ऑक्सिजनसाठी भुकेली आग ग्लेझमधल्या तांब्याकडून ऑक्सिजन ओढून घेते. मागे राहतात तांब्याचे अतिसूक्ष्म कण, काचेत तरंगणारे, तेच लाल दिसतात. सहापैकी दोन कप लाल निघाले, तीन मळकट राखाडी आणि एक अर्धा लाल अर्धा हिरवा, जिथे हवा लागली तिथे हिरवा. तो अर्धामुर्धा कप मी कुणालाच देणार नाही. आणि शेजारच्या शेल्फवर ठेवलेल्या पांढऱ्या कपाच्या एका गालावर गुलाबी लाली आली होती, त्याला तर तांबं लावलंच नव्हतं! एवढ्या उष्णतेत तांब्याची वाफ होते आणि ती शेजाऱ्यावर जाऊन बसते. सुंदर दिसत होती लाली, पण ती बघून हेही कळलं की हे तांबं भट्टीत एका जागी बसून राहणारं नाही, त्यामुळे पांढऱ्या कपांपासून ते लांब ठेवायचं, आणि भट्टी पेटलेली असताना त्या खोलीत वारा खेळता हवा.

तर कमी तांब्यात रंग येतो ही गोष्ट माझ्या डोक्यात तिथे पक्की बसली. मी हिरव्यातलं तांबं २ वरून दीडवर आणलं, ग्लेझ जरा जाड लावला, आणि रंगात मला काडीचा फरक वाटला नाही.

जपानच्या ओरिबे भांड्यांबद्दल वाचलं तेव्हा तर मला आधारच वाटला. गर्द हिरवा तांब्याचा ग्लेझ, ४०० वर्षांहून जुनी परंपरा. ही भांडी भट्टीतून निघाल्यावर त्यांच्यावर जो तांब्याचा अंधुक पापुद्रा असतो तो काढायला ती ओकच्या फळांच्या टोप्या भिजवलेल्या आंबट-तुरट पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे. ते रंग उजळावा म्हणून करतात, पण वरचं सुटं तांबं असतं आणि आंबटाने ते निघतं हे त्यांच्या हातांना केव्हाच माहीत होतं. अर्थात तो पापुद्रा निघाला म्हणून खालची काच घट्ट होत नाही, ते काम कृतीनेच करावं लागतं.

कामाच्या जागेबद्दलही आता माझे नियम कडक झालेत. आधी मी भुकटी मोजताना तोंडाला रुमाल बांधायचे, तो काही कामाचा नाही, आता बारीक धूळ अडवणारा मास्क, हातमोजे, आणि झाडू बंद, फक्त ओल्या फडक्याने पुसणं, कारण तांब्याइतकीच ती सिलिकाची धूळ वाईट, फुप्फुसात गेली की कायमची. आणि ब्रश धुतलेलं पाणी मोरीत ओतत नाही. तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतं. एका ड्रममध्ये ते पाणी साठवते, गाळ खाली बसतो, तो वाळवून पुढच्या भट्टीत एका फुटक्या बिस्क, म्हणजे एकदाच भाजलेल्या बिनग्लेझच्या, वाडग्यात भाजून टाकते. त्या वाडग्यात दर वेळी वेगळाच रंग निघतो, कधी चिखलाचा, कधी चक्क मोरपिशी.

आताची माझी पद्धत अशी. भांडं आतून बिनरंगाच्या ग्लेझने, त्यालाच लायनर म्हणतात, सिलिका-ॲल्युमिना भरपूर असलेला, भेगा न पडणारा. आत ओतायचा, फिरवायचा, उरलेला बाहेर ओतायचा. तो लायनर काठावरून बाहेर दोन बोटं खाली उतरवायचा, कारण ओठ फक्त आत लागत नाही, बाहेरही लागतो, आणि हे बरेच जण विसरतात. त्याच्या खालून तांब्याचा हिरवा. जिथे दोन ग्लेझ भेटतात तिथे हिरवा थोडा वितळून लायनरमध्ये ओघळतो आणि एक धूसर किनार तयार होते, पावसानंतर डोंगर आणि आभाळ यांच्या मधे असते तशी. आधी मला वाटलं होतं आतलं तळं गेलं म्हणजे सगळं गेलं. पण ही किनार मला तळ्याइतकीच आवडायला लागलीय, आणि पांढऱ्या आतल्या बाजूमुळे बाहेरचा हिरवा जास्त उठून दिसतो. दोन ग्लेझ एकावर एक येतात तिथे मात्र तिसराच ग्लेझ तयार होतो, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते, म्हणून ती किनार कधीच ओठाच्या उंचीवर येऊ देत नाही. आतून हिरवं हवंच असा कुणी हट्ट धरला तर तो दीड टक्केवाला, लॅबमधून तांबं मोजून आणलेला, आणि भट्टी पूर्ण कोन ६ ला पोचली का ते आत ठेवलेला कोन वाकलाय का बघूनच. कमी भाजलेला तोच ग्लेझ वेगळी काच असते. डिशवॉशरमध्ये लावू नका म्हणूनही सांगते, त्यातले अल्कलीवाले साबण ॲसिडपेक्षा वेगळ्या बाजूने पण काचच खातात.

फिरोजी मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. आता तो फुलदाण्यांना, भिंतीवरच्या टाइल्सना आणि दिव्यांना बाहेरून. चौदापैकी नऊ भांडी परत आली. बाकीच्यांनी ठेवून घेतली, त्यात कुणी किल्ल्या ठेवतं, कुणी शिंपले.

बहिणीला नवा वाडगा दिला, आतून पांढरा. तिने मला न विचारता पहिल्याच रात्री त्यात लिंबाची फोड ठेवली आणि सकाळी फोटो पाठवला, काही नव्हतं, नुसती एक बी चिकटलेली. तिचा जुना वाडगा माझ्या टेबलावर आहे, ती फिकी कोर वर दिसेल असा. आणि फिरोजीच्या बादलीच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, फक्त बाहेरून. हात ओले असतात त्यामुळे ते पुसट होतं, दर काही दिवसांनी परत गिरवते.